पाणी आलं तेव्हा स्ट्रायकर माझ्याकडे होता

मला चीटर ठरवण्यात आलं, ही हकीकत मीच सांगितलेली बरी. आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी बिभीषणराव ती चौकातल्या चहाच्या टपरीवर सांगतात, तेव्हा तिच्यात एक पोलीस असतो. प्रत्यक्षात पोलीस कुठेही नव्हता. एक मोबाइल होता, नळाचं पाणी होतं आणि आमचे नातेपुत्याचे व्याही होते. या तिघांपुढे पोलीस परवडला असता, हे मात्र मी मान्य करतो.

माझं नाव वेणीमाधव. जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, पण ती नोकरी झाली. माझी खरी ओळख कॅरमचा पंच अशी आहे. सोलापुरात कुठेही स्पर्धा असली की पांढरा शर्ट घालून आणि छातीला बिल्ला लावून मी बोर्डाच्या कडेला उभा असायचो. कुणाचं कोपर नको तितकं पुढे आलं की फाउल. मग तो कुणीही असो. एकदा तर मी सख्ख्या मेव्हण्याला फाउल दिला. त्याने त्या दिवाळीला आमच्याकडच्या चकलीला हात लावला नाही. प्रभा, म्हणजे आमची ही, तो विषय अजून काढते आणि बहुधा चकली तळतानाच काढते.

कॉलनीच्या हॉलमध्ये आमचा चांगला जाड फळीचा बोर्ड होता. मागे तिथे कुणाच्या तरी बारशाचं जेवण झालं आणि आचाऱ्याने उकळत्या आमटीचं पातेलं ठेवायला नेमका तोच घेतला. बोर्डाच्या मधोमध पातेल्याचा गोल उमटला आणि तेवढी फळी फुगली. त्यानंतर कुठूनही मारलेली सोंगटी त्या गोलाला वळसा घालून जायला लागली. देवळाबाहेर असती तर लोकांनी तिचं कौतुक केलं असतं. खेळासाठी तिचा उपयोग नव्हता.

तेव्हा मागच्या गल्लीतले संगप्पा पुढे आले. त्यांचा चादरी-टॉवेलचा व्यापार आहे आणि कुठलीही अडचण आली की तिच्यावर तयार माल मिळतो अशी त्यांची श्रद्धा आहे. "सर, मोबाइलवर खेळू की," ते म्हणाले. "पावडर लागत न्हाय, बोर्ड फुगत न्हाय. आपापल्या घरात बसून खेळायचं."

'कॅरम दरबार' नावाचं ते ॲप होतं. घरोघर ते उतरवण्यात आलं. त्यात मंडळ काढता येतं असं कळलं, आणि मंडळ काढता येतं म्हटल्यावर सोलापुरात कोण थांबतो? आमचं मंडळ निघालं, मी त्याचा कप्तान झालो आणि पहिल्याच आठवड्यात मी आचारसंहिता टाइप करून सगळ्यांना पाठवली. ॲपमध्ये स्वतःचे नियम असतात असं दोघातिघांनी सुचवून पाहिलं. पण त्या नियमांत पाण्याचा उल्लेख नव्हता.

आता हे पाण्याचं जरा सांगायला हवं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पुढच्या गल्लीला एका वेळी, मागच्या गल्लीला भलत्याच वेळी. पाणी आलं की माणूस हातातलं काम टाकून उठतो. मी माणसं आरतीतून उठलेली पाहिली आहेत आणि देवानेही कधी मनावर घेतलेलं नाही. तर खेळताना समोरच्याने 'पाणी' असा निरोप टाकला की आपण स्वस्थ बसायचं, हा आमचा नियम. त्या ॲपमध्ये एका खेळीला भरपूर वेळ मिळायचा. तेवढ्यात माणूस मोटर लावून, टाकीचं झाकण उघडून परत यायचा आणि डाव पुढे चालू व्हायचा. सगळं सुरळीत होतं.

मग अपडेट आलं. सोंगटी कुठे जाणार हे दाखवणारी लांब रेघ होती, ती एका रात्रीत बोटभर झाली. बिभीषणरावांचा सगळा खेळ त्या रेघेवर होता. ते दोन दिवस चष्मा बदलायच्या गोष्टी करत होते. पण खरा घाव वेळेवर पडला. खेळीची वेळ इतकी कमी झाली की तेवढ्यात मोटरचं बटणही सापडू नये. समोरचा पाण्याला गेला की त्याच्या खेळ्या आपोआप वाया जायच्या आणि काहीही न करता आपण विजयी. पडद्यावर फटाके वाजायचे. मला त्या फटाक्यांची शरम वाटायची.

गच्चीवर सभा झाली. मी कंपनीचा निषेध करणारा ठराव लिहूनच नेला होता, पण बिभीषणराव म्हणाले, "आता बदललंय तर बदललंय, सर. आपून बी बदलायचं. त्ये काय आपल्या पाण्यासाठी थांबत न्हाईत." माणूस सांगोल्याकडचा. पाण्यासाठी कोण थांबतं आणि कोण थांबत नाही, याचा त्यांना अनुभव आहे. म्हणून मी ऐकलं आणि तिथल्या तिथे नियम बदलला. समोरचा पाण्याला गेला म्हणून ज्याला फुकटचा विजय मिळेल, त्याने पुढचा डाव ठरवून हरायचा. या डावाला मी 'परतफेड' असं नाव दिलं. हरताना गाजावाजा करायचा नाही, उपकार दाखवायचे नाहीत, समोरच्याने समजून घ्यायचं. ठराव एकमताने पास झाला. बदलाशी इतकं सभ्यपणे जुळवून घेतलेलं दुसरं मंडळ सबंध ॲपवर नसेल, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

संगप्पांच्या गल्लीला पाणी नेमकं आमच्या खेळायच्या वेळी यायचं. त्यामुळे ते सारखे उठायचे आणि मी सारखा परतफेड करायचो. मी हरायचोही मन लावून. समोर सोंगटी खिशाच्या तोंडाशी असली तरी मी स्ट्रायकर रिकाम्या जागेतून अलगद फिरवून आणायचो.

आणि एका सकाळी माझ्या नावापुढे लाल त्रिकोण उगवला. मालट्रकच्या मागे असतो तसा. खाली मजकूर होता: 'आपल्या खेळात ठरवून हरण्याचे प्रकार आढळले आहेत. आपल्याला संशयित खेळाडू म्हणून नोंदवण्यात येत आहे. न्याय्य खेळाला साथ दिल्याबद्दल धन्यवाद.' यातल्या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

संगप्पांना काहीही झालं नाही. कारण माझ्याकडे पाणी आल्यावर ते फुकटचा विजय घ्यायचे आणि परतफेड करायला विसरून जायचे. यंत्राच्या लेखी त्यांचं वर्तन निर्मळ होतं. तरीही ते भेटायला आले, सोफ्यावर बराच वेळ अवघडून बसले आणि म्हणाले, "माझ्यामुळंच झालं की, सर." हे खरं असल्यामुळे मी नाही म्हणालो नाही.

दिवसभर माणसं येत होती. मयताला येतात तशी थोडा वेळ बसून, आवाज खाली आणून बोलत होती. कुणी म्हणालं फोन बंद करून चालू करा. कुणी म्हणालं ग्राहक मंचात जा. बिभीषणरावांचा सल्ला सर्वांत व्यवहारी होता. "नवं सिम घ्या आन् नवं नाव लावा. आमच्या एका पाव्हण्यानं तसंच केलंय. त्यो आता मायाक्का म्हणून खेळतोय, कुणाला काय बी कळत न्हाय." मी म्हटलं, ज्या माणसाने सख्ख्या मेव्हण्याला फाउल दिला, तो मायाक्का होणार नाही. आतून प्रभा म्हणाली, "मायाक्काने माझ्या भावाला फाउल दिला नसता."

संध्याकाळी विश्वंभररावांचा निरोप आला, आणि माझं जेवण गेलं.

विश्वंभरराव हे आमचे व्याही. आमची उर्वी त्यांच्या मुलाला दिली आहे. ती दोघं पुण्याला असतात. विश्वंभरराव नातेपुत्याच्या हायस्कूलमधून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. माणूस अत्यंत सभ्य, आणि अडचण तीच आहे. लग्नात आम्ही त्यांना मानाचा फेटा बांधला, तर त्यांनी त्याहून भारी फेटा मागवून मला बांधला. पंगतीत "आधी आपण बसा", "छे, आधी आपण" असं आम्ही इतका वेळ उभ्याने म्हणत राहिलो की जिलेबी मऊ पडली. तेव्हापासून नातेपुते आणि सोलापूर यांच्यात जास्त सभ्य कोण, याची चुरस चालू आहे आणि तिच्यात मी आजवर हार खाल्लेली नव्हती. त्यांचंही तिकडे मंडळ होतं. सव्वीस जानेवारीला त्यांच्या आणि आमच्या मंडळाचा सामना ठरला होता. निरोपात त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या नावापुढे काही लालसर दिसते आहे. प्रकृती ठीक असावी.'

माणसाने सरळ चोर म्हणावं. प्रकृती विचारू नये.

मी दाद मागायला बसलो. ॲपमध्ये 'मदतनीस' नावाचं एक यंत्र होतं. मी 'महोदय' लिहिताच त्याचं उत्तर आलं, 'आपली अडचण आम्हाला समजते.' हे वाक्य मी ओळखलं. जिल्हा परिषदेतही ते होतं. फक्त आमच्याकडे त्याखाली शिक्का असायचा. मग त्याने कारण निवडायला सांगितलं. इंटरनेट गेले, फोन हातातून पडला, घरातील मुलाने खेळले. पाणी आले असं कारण नव्हतं. मी 'इतर' निवडून दोन्ही गल्ल्या, मोटर, टाकी आणि परतफेड यांचं सविस्तर निवेदन केलं. उत्तर आलं, 'फोनमध्ये पाणी गेले असल्यास तो तांदळात ठेवू नका. जवळच्या सेवा केंद्रात जा.'

शेवटी उर्वीने पुण्याहून फोनवर बसून कुठलीशी बटणं दाबायला लावली आणि मला निरीक्षणाखालचा खेळाडू होण्याची सवलत मिळाली. काही डाव मला जिंकण्याच्या प्रामाणिक प्रयत्नाने खेळायचे होते. शेवटचा डाव स्पर्धेतला हवा, म्हणजे सव्वीस जानेवारीचाच. त्यात चोख ठरलो तर त्रिकोण जाणार. पुन्हा ठरवून चुकलो तर तो कायमचा. "बाबा, पाणी आलं, वीज गेली, भूकंप झाला, तरी सोंगटी मारायची," उर्वी म्हणाली. "तिकडे सासरे रोज तुमच्या नावावर बोट ठेवून बघतात. बोलत काही नाहीत. पण बघतात."

त्यानंतर मी कॉलनीतल्या कुणाशी खेळलो नाही. दूरदूरच्या अनोळखी माणसांशी खेळायचो, ज्यांच्या नळाची मला माहिती नव्हती. माहिती नसली की माणूस बराच निष्ठुर होऊ शकतो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि सगळी कॉलनी हॉलमध्ये जमली. माझा मोबाइल टीव्हीला जोडला होता. बिभीषणरावांनी चिवडा मागवला होता. बाकीचे सामने होऊन दोन्ही मंडळं बरोबरीत आली आणि कप्तानांचा डाव उरला. एकीकडे विश्वंभरराव, दुसरीकडे मी, माझ्या नावापुढे लाल त्रिकोण, आणि तो टीव्हीवर ताटाएवढा दिसत होता.

डाव मी उत्तम खेळलो. राणी घेतली, तिचं कव्हर घेतलं. विश्वंभररावांच्या काही काळ्या सोंगट्या शिल्लक होत्या. माझी एकच पांढरी राहिली होती आणि तीही खिशाच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडली असती. खेळी माझी होती. तेवढ्यात टीव्हीवर नातेपुत्याचा निरोप उमटला: 'पाणी आले आहे. आलोच. आपण चालू द्या.'

बिभीषणरावांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली.

'आपण चालू द्या' याचा अर्थ ज्याला व्याही आहेत त्यालाच कळेल. पंगतीत व्याही "आपण चालू द्या" म्हणाले, म्हणून कुणी पहिला घास घेतला आहे का? मी सोंगटी घेतली तर माझी खूण जात होती आणि थांबलो तर ती कायमची होत होती. वर वेळेचं वर्तुळ भराभर संपत होतं. "मारा की, सर," बिभीषणराव म्हणाले. "त्येंनीच सांगितलंय की चालू द्या म्हून." प्रभा मात्र शेजारच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या भावाच्या वेळी एवढा विचार केला नव्हता."

तेव्हा मला खात्यातल्या अनुभवातून एक तोड सुचली. प्रयत्न तर प्रामाणिक दिसला पाहिजे, पण काम होता कामा नये. मी स्ट्रायकरची दिशा सोंगटीच्या बरोबर उलट केली. समोरची पट्टी, तिथून डावी पट्टी, तिथून परत आपल्याकडची, असा फटका मी सगळा जोर लावून मारला. असा फटका मी पंच म्हणून उभा असताना एकदाही यशस्वी झालेला पाहिला नव्हता. जिंकण्याची इच्छा आहे, हे यंत्राला दिसावं. जिंकण्याची शक्यता नाही, हे विश्वंभररावांना दिसावं.

स्ट्रायकर समोर आपटला, डावीकडे आपटला, आमच्या बाजूला आपटला, वाटेतल्या एका काळ्या सोंगटीला खांदा लावून वळला आणि रमतगमत येऊन माझ्या पांढऱ्या सोंगटीला टेकला. ती पडली. निदान स्ट्रायकरही मागोमाग पडावा, म्हणजे फाउल तरी होईल, म्हणून मी सिद्धेश्वराचं नाव घेतलं. तो काठावर थांबला.

संगप्पांनी मला उचललं. कुणीतरी झेंड्याजवळचा हार आणून माझ्या गळ्यात घातला. पडद्यावर फटाके वाजले, लाल त्रिकोण गेला, त्या जागी हिरवी बरोबरची खूण आली आणि 'न्याय्य खेळाडू' अशी पदवी मिळाली. एवढ्यावर थांबतील तर यंत्रं कसली? 'आजचा सर्वोत्तम फटका' म्हणून तो माझा फटका सगळ्यांच्या फोनवर पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. सगळ्यांच्या म्हणजे नातेपुत्याच्याही.

विश्वंभररावांचा निरोप आला. 'पाहिले. उत्तम. अभिनंदन.' तीन शब्द, तीन पूर्णविराम.

संध्याकाळी उर्वीचा फोन आला. सासरे रागावले का, असं मी विचारलं. "छे," ती म्हणाली. "फक्त सासूबाईंना एवढंच म्हणाले की, बादली अर्धीच भरली होती."

ते वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं. ज्या यंत्राने मला चोर म्हटलं, त्याने मला साव ठरवलं होतं. आणि ज्या एका माणसाच्या नजरेत मला साव राहायचं होतं, त्याने पाण्याची धार चालू असताना नळ बंद करून येऊन मोबाइल पाहिला होता. हिरवी खूण घेऊन मी घरभर हिंडलो. प्रभाने विचारलं, काय हरवलंय. मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विश्वंभररावांना मैत्रीच्या डावासाठी बोलावलं. कशासाठी ते लिहिलं नाही. आमच्या नियमात ते बसत नाही.

डाव सुरू झाला. सोंगट्या फोडून झाल्यावर मी स्ट्रायकर मोकळ्या जागेतून फिरवून आणला. त्यांची खेळी आली. त्यांच्यासमोर काळी सोंगटी आयती होती. त्यांनी स्ट्रायकर तिच्या शेजारून नेला. मला वाटलं, चुकले. मी पुन्हा रिकामा फिरवला. त्यांनीही फिरवला. मग माझ्या लक्षात आलं, की हा गृहस्थ मला हरू देत नाही. काल आपण अभिनंदन करताना तोकडे पडलो असं वाटून तोही हरायला बसला होता. 'प्रामाणिकपणे खेळा' अशी सूचना चमकायला लागली. मी तिकडे दुर्लक्ष करून त्यांची एक काळी सोंगटी खिशात घालून दिली. त्यांनी ताबडतोब माझी पांढरी घालून दिली. मी दुसरी काळी घातली. त्यांनी दुसरी पांढरी घातली, आणि तीही डबल पट्टीने, म्हणजे पाहुणचारात कसर नको. इतका सुंदर खेळ मी कुठल्याच स्पर्धेत पाहिलेला नाही. प्रभा चहा घेऊन आली ती मागे उभीच राहिली. शेवटी त्यांची एक, माझी एक आणि मधोमध राणी एवढंच उरलं, आणि एकमेकांना "आधी आपण" म्हणत आम्ही दोघं राणीभोवती स्ट्रायकर फिरवत बसलो.

मग यंत्राचा धीर सुटला. डाव थांबवण्यात आला. माझी हिरवी खूण गेली आणि लाल त्रिकोण परत आला. खाली 'कायमस्वरूपी' असा शब्द होता. मी चहा प्यायलो. चहा निवला होता, पण मला तो बरा लागला.

थोड्या वेळाने फोन वाजला. एरवी विश्वंभरराव फोन करत नाहीत, निरोप लिहितात. पलीकडे बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता.

"वेणीमाधवराव, आपल्या नावापुढे लाल आले का?"

"आले," मी म्हटलं.

"आमच्याही आले." धारेचा आवाज बारीक झाला. त्यांनी नळ थोडा कमी केला असावा. "दाद मागणार आहात का?"

"नाही. आपण?"

"छे, छे," ते म्हणाले. "आता बरं वाटतंय. व्याही कसे, बरोबरीचे असावेत."